खेर, बुंदेले आणि दक्षिणी पंडित



जबलपूरच्या परिसरात गावागावाला खेरमाईचं ठाणं आहे. जबलपूर शहरात तर बडी खेरमाई आणि छोटी खेरमाई अशी दोन देवळं आहेत, आणि नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते. खेडा म्हणजे वस्ती, आणि वस्तीची राखण करणारी ती खेरमाई. आता योगायोग असा, की अठराव्या शतकात याच मुलखावर ज्या मराठी घराण्याचा अंमल होता त्याचं आडनाव खेर. मग गावगप्पांत दोन्ही टोकं जुळवली जातात: खेरमाईचे भक्त म्हणून खेर. ही जोडणी ऐकायला गोड आहे आणि साफ चुकीची आहे. खेर हे आडनाव नर्मदेच्या पाण्यावर वाढलेलं नाही. ते रत्नागिरीच्या उत्तरेला, गणपतीपुळ्याच्या वाटेवर असलेल्या नेवरे गावाहून इथे आलं. समुद्रकाठच्या त्या गावापासून सागर, जालौन आणि जबलपूरपर्यंत एक आडनाव कसं आलं, वाटेत त्याची किती रूपं झाली, आणि आज ते पाहून आपण कोणते निष्कर्ष काढावेत व कोणते काढू नयेत, एवढाच माझा आजचा विषय.

पनागरला हा विषय का, असं कुणी विचारेल. पानमळ्यांच्या या गावात मराठी घरं मोजकीच. पण १७८१ मध्ये गढा-मंडल्याचं गोंड राज्य सागरच्या मराठ्यांनी घेतलं, तेव्हा हा सगळा पट्टा खेरांच्या कारभाराखाली आला. शतक संपता संपता पेशव्यांनी तो नागपूरकर भोसल्यांना दिला, आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतलं तेव्हा तो भोसल्यांच्या हातून गेला. म्हणजे साडेतीन दशकं इथला सारा मराठी कारकुनाच्या हाताखाली वसूल होत होता. त्या कारकुनांची, सुभेदारांची, शिलेदारांची आडनावं आजही जबलपूरच्या दारांवरच्या पाट्यांत सापडतात.

सुरुवात गोविंद बल्लाळ खेर यांच्यापासून. कऱ्हाडे ब्राह्मण, घराकडे नेवऱ्याचं कुळकर्ण. कोकणात एका कुळकर्णावर वाढतं घर पोसत नाही, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. अठराव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत कोकणातून देशावर जी लिहिती माणसं गेली त्यांतले हे एक. बाजीरावाच्या पदरी राहिले. १७२९ मध्ये महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून बाजीरावानं बुंदेलखंडच्या छत्रसालाला सोडवलं. छत्रसालानं उपकार म्हणून राज्याचा तिसरा हिस्सा पेशव्याला देऊ केला. १७३१ मध्ये छत्रसाल वारला. आता तो हिस्सा सांभाळायला, रयतेकडून वसूल काढायला आणि पैसा पुण्याला पोचवायला कुणी तरी भरवशाचा माणूस हवा होता. गोविंदपंतांची नेमणूक झाली ती अशी. त्यांनी सागरच्या तळ्याकाठी किल्ला बांधून ठाणं बसवलं. त्या किल्ल्यात आज पोलिसांची प्रशिक्षण अकादमी आहे.

पुढची गोष्ट पानिपतच्या वाचकांना ठाऊक आहे. अब्दालीची रसद तोडण्याचं काम भाऊसाहेबांनी गोविंदपंतांवर सोपवलं. डिसेंबर १७६० मध्ये, लढाईच्या जेमतेम महिनाभर आधी, अंतर्वेदीत त्यांच्यावर अचानक छापा पडला आणि ते मारले गेले. शिपाईगिरीचा पिंड नसलेला, वयानं उतरलेला वसुली कारभारी तिथे घोड्यावर होता. त्यांच्या हिशेबावर पुण्याचे ताशेरे सतत येत, पैसा वेळेवर पोचत नाही ही तक्रार नित्याची. मला स्वतःला असं वाटतं, की मराठी इतिहासानं या माणसाला हिशेबनीस म्हणून जितकं झोडपलं तितकं एक सबंध प्रदेश बसवणारा माणूस म्हणून ओळखलं नाही. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्यासाठी महत्त्वाचं आहे ते त्यांचं नाव. मराठी कागदांत आणि इतिहासग्रंथांत त्यांना सहसा कुणी गोविंदपंत खेर म्हणत नाही. ते गोविंदपंत बुंदेले. शाळेतल्या पुस्तकातही तेच. अनेकांचा समज असतो की हे कुणी बुंदेला राजपूत असावेत. वास्तविक बुंदेलखंडात त्यांना कुणीही बुंदेले म्हटलं नसतं. तिथे छत्रसालाचे वंशज हे खरे बुंदेले, आणि गोविंदपंत व त्यांची माणसं म्हणजे 'दक्षिणी पंडित'. बुंदेले हे नाव पुण्याचं. पुण्याच्या दरबारात दहा गोविंदपंत असताना हा कोणता, तर बुंदेलखंडातला. एकाच माणसाला नेवऱ्यात खेर, पुण्यात बुंदेले, सागरात दक्षिणी. आडनावाचा नियमच हा आहे: गावाचं नाव माणसाला गाव सोडल्यावर चिकटतं. नेवऱ्यात राहणाऱ्याला नेवरेकर म्हणायचं कारणच नसतं, तिथे सगळेच नेवरेकर. पेणमध्ये पेणकर कोण? पेण सोडून मुंबईला आला तो. उद्या इथलं एखादं घर पुण्याला जाऊन राहिलं तर तिथे ते पनागरकर म्हणवेल. इथे राहिलं तर कधीच नाही.

जगात सगळीकडे हेच. इटलीत जेनोव्हेझे हे आडनाव आहे, म्हणजे जेनोव्हाचा. लोम्बार्दी म्हणजे लोम्बार्डीचा, कालाब्रेझे म्हणजे दक्षिणेकडच्या कालाब्रियाचा. ही आडनावं पडली ती ज्या गावी तो माणूस उपरा म्हणून आला तिथे. तेव्हा कालाब्रेझे आडनावाचं कुटुंब दिसलं की पूर्वजानं कधी तरी कालाब्रिया सोडलं असं बहुधा समजावं. १८७६ ते १९१५ या काळात सुमारे एक कोटी चाळीस लाख इटालियन देश सोडून अर्जेंटिना, ब्राझील, अमेरिका, फ्रान्स अशा ठिकाणी गेले, आणि आपलं आडनाव शोधत परत इटलीत येणारी त्यांची नातवंडं-पतवंडं हा तिथे एक छोटासा उद्योगच झाला आहे. त्यांची सोय अशी, की १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं प्रत्येक चर्चला लग्नाच्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवायला लावल्या. गाव कळलं की वही मिळते. आपल्याकडे चर्च नव्हतं, पण वह्या होत्या. त्यांच्याकडे मी शेवटी येईन.

गोविंदपंतांच्या मागे घराण्याच्या दोन मुख्य शाखा झाल्या. बाळाजी गोविंद सागरला, गंगाधर गोविंद काल्पी-जालौनकडे. जालौनची शाखा पुढे स्वतंत्र संस्थान झाली आणि १८४० मध्ये वारस नसल्याच्या कारणावरून इंग्रजांनी ती खालसा केली. सागरला बाळाजींचा मुलगा रघुनाथराव ऊर्फ आबासाहेब १८०२ मध्ये वारला. त्यानंतर १८१८ पर्यंत, सोळा वर्षं, गादी सांभाळली त्याच्या विधवा रुक्माबाईंनी. कारभार विनायकरावांकडे. पेंढाऱ्यांचे छापे, अमीरखानाची लुटालूट, शिंद्यांचं सैन्य दाराशी, आणि पुण्यात पेशवाई मोडकळीला. अशा काळात सोळा वर्षं सागर टिकवणारी ही बाई मराठी वाचकाला नावानंही माहीत नसते. १८१८ मध्ये सागर इंग्रजांकडे गेलं, बाईंना नि कारभाऱ्यांना पेन्शन मिळालं, आणि पुढे घराण्याचा दत्तक वारस जबलपूरला येऊन राहिला. जबलपुरात 'सागरवाले राजा' होते ते हे.

इथे आडनावाचा अभ्यास करणाऱ्यानं जरा थांबावं. आपण आडनाव म्हणजे रक्त असं धरून चालतो. आणि या मुलखातल्या मराठी राजघराण्यांकडे पाहा: सागरला दत्तक, जालौनला दत्तक, झाशीला दत्तक. झाशीचे नेवाळकर. मणिकर्णिका तांबे लग्न होऊन लक्ष्मीबाई नेवाळकर झाली, आणि दत्तक घेतलेल्या आनंदरावाचा दामोदरराव झाला. ब्रह्मावर्तला दुसऱ्या बाजीरावानं दत्तक घेतलेले नानासाहेब जन्मानं कर्जतजवळच्या वेणगावचे. म्हणजे १८५७ च्या पटावर उभी असलेली अर्धी मराठी आडनावं रक्तानं नव्हे, दत्तविधानानं आलेली. आणि जालौनला १८५७ मध्ये ज्या ताईबाईंनी आपल्या मुलाला गादीवर बसवलं त्या तर घराण्याच्या लेकीच्या बाजूच्या. बंड मोडल्यावर त्यांना बिहारात मुंगेरला धाडलं. आडनावांचे नकाशे काढणारे लोक पुरुषांची आडनावं टिंबांनी दाखवतात. पण आडनाव ज्यांनी सांभाळलं, चालवलं, दत्तक घेऊन पुढे दिलं त्या बायका. त्यांची माहेरची आडनावं त्या नकाशात कुठेच नसतात.

झाशीच्या घराण्याचं पुढं काय झालं तेही ऐका. दामोदररावांना झाशी सोडावी लागली, ते इंदूरला राहिले, १९०६ मध्ये वारले. त्यांच्या वंशजांनी आडनाव लावलं ते झाशीवाले. झाशीत असताना नेवाळकर, झाशी गेल्यावर झाशीवाले. मघाचा नियम इथे तंतोतंत लागू पडतो. आणि प्रत्यय पाहा. कोकणातून निघाले तेव्हा 'कर', इंदूरला हिंदीच्या शेजारी राहिले तेव्हा 'वाले'.

शिंद्यांचंही असंच. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे शिंदे. इंग्रजांनी ते स्वतःच्या वर्णमालेत सिंदिया असं लिहिलं, आणि ते परत हिंदीत आलं तेव्हा सिंधिया झालं. आज ग्वाल्हेरच्या रस्त्यावर शिंदे विचारा, वेगळी माणसं दाखवतील. होळकर मात्र नीरेकाठच्या होळ गावाला अजून घट्ट धरून आहेत.

आता मोठ्या घराण्यांकडून आपल्या घरांकडे येऊ. जबलपूर-कटनी पट्ट्यात आडनावावरून माणूस मराठी आहे की नाही हे सांगता येतं का? मला अनेकदा फोन येतात, 'आमच्या कॉलनीत खरे राहतात, ते मराठी ना?' बहुधा नसतात. बुंदेलखंडात खरे हे श्रीवास्तव कायस्थांच्या एका मोठ्या शाखेचं नाव आहे. दुसरी शाखा दूसरे. मराठी खरे चित्पावन. १९३७ मध्ये मध्य प्रांताचे पंतप्रधान झालेले डॉ. नारायण भास्कर खरे हे त्यांतले. दोन्हीकडे अक्षरं तीच, लिपी तीच, आणि नातं कवडीचंही नाही. पाठक, जोशी, वैद्य, पंडित, दीक्षित, उपाध्ये-उपाध्याय यांचीही तीच गत. वृत्तीवरून पडलेलं आडनाव कुठेही पडू शकतं; वैद्य जिथे आहे तिथे वैद्य आडनाव होणार.

खेरांचीसुद्धा ही अडचण आहे. नाटक-सिनेमातले अनुपम खेर काश्मिरी पंडित. त्यांचा नेवऱ्याशी संबंध नाही. मग ओळखायचं कसं? मी एक साधी खूण वापरतो. आडनावाकडे पाहू नका, नावाच्या मधल्या शब्दाकडे पाहा. उत्तर प्रदेशच्या विधानसभेचे अध्यक्ष म्हणून १९५२ मध्ये, आणि पुन्हा १९६९ मध्ये, निवडून आलेले झाशी जिल्ह्यातले गृहस्थ: आत्माराम गोविंद खेर. गोविंद हे वडिलांचं नाव. लखनौच्या सभागृहात, जिथे सभोवती सिंह, प्रसाद, नारायण आणि कुमार, तिथे हा माणूस मध्ये बापाचं नाव लावून बसला होता. कोकण सोडून पिढ्यान्‌पिढ्या उलटल्या, घरातली भाषा बदलली असेल, पण नाव बांधायची रीत मराठीच राहिली. गंमत अशी, की त्याच सुमारास मुंबईत मुख्यमंत्रिपदावरून नुकतेच उतरलेले बाळ गंगाधर खेर, तेही रत्नागिरीचे. मधे गंगाधर. आणि १९५५ मध्ये केंद्र सरकारनं पहिला राजभाषा आयोग नेमला त्याचे अध्यक्ष कोण, तर हेच बाळासाहेब खेर. हिंदीचं भवितव्य ठरवायला रत्नागिरीचा मराठी माणूस!

ही मधल्या नावाची खूण लावून हिंदीचा इतिहास वाचायला घ्या. बाबूराव विष्णु पराडकर, काशीच्या 'आज'चे संपादक, हिंदी पत्रकारितेचे भीष्म. जन्म काशीतला, १८८३ चा. आडनाव सिंधुदुर्गातल्या पराड गावचं. वाराणसीतलं पत्रकारांचं भवन आज त्यांच्या नावानं ओळखलं जातं. त्यांचे मामा सखाराम गणेश देउसकर, जन्म १८६९, देवघरजवळच्या करौं गावात. घराणं कोकणातल्या देऊसचं. हे बंगालीत लिहीत. त्यांचा 'देशेर कथा' हा ग्रंथ १९०४ चा. इंग्रजी राज्यानं देशाची केलेली लूट त्यात आकड्यांनिशी मांडलेली, आणि १९१० मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. मामा बंगालीत, भाचा हिंदीत, आणि दोघांच्याही सहीत 'कर' आणि बापाचं नाव. गजानन माधव मुक्तिबोध. जन्म १९१७, श्योपूर. काही काळ आपल्या जबलपुरात हितकारिणी शाळेत मास्तर होते. हिंदी कवितेचा नवा रस्ता ज्यानं पाडला तो हा कवी, आणि त्याचा सख्खा भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतला मोठा कवी-समीक्षक, १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मराठीसाठी. एका घरातले दोन भाऊ दोन भाषांत गेले, आणि आडनाव दोघांचंही तेच. तेही मूळचं नाहीच. घरची परंपरा सांगते की आधी कुलकर्णी, आणि एका पूर्वजाच्या ग्रंथावरून मुक्तिबोध.

आणि आपल्या दारातलेच माधवराव सप्रे. जन्म १८७१, दमोह जिल्ह्यातलं पथरिया. शिक्षण बिलासपूर, रायपूर, जबलपूर. १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र', १९०७ मध्ये नागपूरहून 'हिंदी केसरी', लोकमान्यांच्या गीतारहस्याचा हिंदी अनुवाद, आणि १९२० मध्ये जबलपुरात 'कर्मवीर' उभं करण्यात वाटा. हिंदीच्या आरंभीच्या कथांत 'एक टोकरी भर मिट्टी' हिचं नाव घेतलं जातं, ती यांची. हिंदीवाले सप्र्यांना आपले मानतात, आणि ते बरोबरच आहे. मराठीवाल्यांनी त्यांना विसरावं हे मात्र बरोबर नाही. पुण्यामुंबईच्या साहित्यिक गप्पांत सप्रे म्हटलं की कोण आठवतं हे मी सांगत नाही. दमोहचे माधवराव आठवत नाहीत एवढं नक्की.

एक प्रश्न इथे उरतो. हे सगळे दूर गेले, भाषा सोडली, तरी आडनाव राहिलं. मग सगळ्यांचंच राहतं का? नाही. आणि का नाही, याचं उत्तर मला आडनावांच्या सबंध विषयातलं सर्वांत बोचरं वाटतं.

१८३४ नंतर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत भारतातून करारानं मजूर गेले. त्यांत रत्नागिरीकडची कुणबी, मराठा आणि इतर कष्टकरी माणसं होती. गोविंदपंत ज्या किनाऱ्यावरून निघाले तोच किनारा. जहाजावर चढताना आणि उतरताना कारकून विचारी: तुझं नाव? बापाचं नाव? आणि लिही. आडनावाला रकानाच नव्हता. पुढच्या पिढीत बापाचं नाव हेच आडनाव होऊन बसलं. आज मॉरिशसच्या मराठी मंडळांत जा: गणपती धूमधडाक्यात, आणि आडनावं ऐकावीत तर आपल्याकडची पहिली नावं, फ्रेंच वळणानं लिहिलेली. गाव हरवलं, वाडी हरवली, भावकी हरवली. नेवऱ्याचा कुळकर्णी सागरला गेला तेव्हा त्याचं आडनाव टिकलं, कारण दप्तर त्याच्याच मांडीवर होतं. त्याच तालुक्यातला कुळवाडी मॉरिशसला गेला तेव्हा दप्तर दुसऱ्याच्या मांडीवर होतं. आडनाव टिकणं याला आपण घराण्याचा अभिमान वगैरे मोठी नावं देतो. मुळात लेखणी कुणाच्या हातात होती याचा तो हिशेब आहे.

अमेरिकेत इटालियनांविषयी अशी दंतकथा आहे, की न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरताना अधिकाऱ्यांनी त्यांची आडनावं मोडली. अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे की तसं नव्हतं; बेटावरचे अधिकारी जहाजाच्या यादीवरून नावं पडताळत, आणि ती यादी युरोपच्या बंदरावर तयार होई. नावं बदलली ती नंतर, शाळेत, कारखान्यात, आणि पुष्कळदा स्वखुशीनं. मॉरिशसच्या माणसाला ती खुशीसुद्धा मिळाली नाही.

तंजावरचं उदाहरण आणखी निराळं. व्यंकोजीराजांच्या मागोमाग गेलेले मराठी लोक तिथे जवळजवळ दोनशे वर्षं राज्यकर्त्यांच्या भाषेत बोलले, लिहिले. लेखणी त्यांचीच होती. तरी तमिळ रीतीत आडनाव गळलं, आणि सगळ्यांच्या नावामागे एकच 'राव' राहिला. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव, कुंभकोणमचे. आधी गावाचं किंवा वडिलांचं एक आद्याक्षर, शेवटी राव. आज चेन्नईत राव आडनाव ऐकून समोरचा मराठी, तेलुगू, कन्नड की कोकणी हे देवच जाणे.

याच्या उलट कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातले बेने इस्राएल ज्यू. किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, दिवेआगरचे दिवेकर. शनवार तेली म्हणून ओळखली जाणारी ही माणसं १९४८ नंतर इस्राएलला गेली, आणि दिमोना, बीरशेबा, लोद अशा गावांच्या दारांवर 'कर' पोचला. तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघे. काहींनी हिब्रू आडनावं घेतली. पण ज्यांनी ठेवली त्यांचं गाव आजही रायगडच्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं.

जबलपूरकडे परत. इथली सगळी मराठी घरं काही खेरांच्या वेळची नाहीत. हा भ्रम फार जण जपतात. १८७० मध्ये मुंबईहून आलेली जीआयपी रेल्वे जबलपूरला अलाहाबादच्या रेल्वेला मिळाली, आणि गार्ड, तारमास्तर, हिशेबनीस म्हणून खानदेश-वऱ्हाडातली माणसं आली. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं, उच्च न्यायालय जबलपूरला आलं, आणि नागपूरचे वकील व त्यांचे कारकून बिऱ्हाडासह इथे आले. ही माणसं अमलाची नव्हेत, नोकरीची. १९८९, १९९६ आणि १९९८ मध्ये जबलपूरनं लोकसभेवर बाबूराव परांजपे यांना पाठवलं, तेव्हा परांजपे हे आडनाव परकं आहे असं इथल्या हिंदी मतदाराला वाटलं नाही. दोनशे वर्षांपूर्वीचा 'दक्षिणी' हा शब्द तोवर पुसला गेला होता.

आता वह्या. ज्यांना आपलं घराणं कुठून आलं हे जाणायचं आहे त्यांनी आडनावाच्या आवाजावर विसंबू नये. इंटरनेटवर आपलं आडनाव जिथे जिथे दिसतं तिथे नातं जोडू नये. आधी कुलदैवत विचारा. कुलदैवत सहसा गावाजवळ असतं, आणि माणूस गाव विसरला तरी घरातली म्हातारी कुलदैवत विसरत नाही. मग गोत्र असेल तर गोत्र, देवक असेल तर देवक. मग तीर्थोपाध्यायांच्या वह्या. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, प्रयाग, गया इथल्या पंड्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आहेत: कोण आला, कुणाचा मुलगा, कुणाचा नातू, मूळ गाव कोणतं, सध्या मुक्काम कुठे, आणि खाली त्याच्याच हातची सही. जबलपूरकरांना प्रयाग एका रात्रीच्या अंतरावर आहे. अस्थी घेऊन जातो, पंड्या वही काढतो, आपण घाईत सही करतो आणि निघतो. त्याच पानावर तुमच्या पणजोबांच्या वडिलांची सही असते. हरिद्वारच्या अशा वह्यांची सूक्ष्मचित्रं अमेरिकेतल्या यूटामधल्या वंशावळीच्या संस्थेनं केव्हाच काढून नेली. आपण अजून पंड्याशी दक्षिणेवरून घासाघीस करतो आहोत.

तिसरी गोष्ट घरातली. माळ्यावरच्या ट्रंकेत मोडीतले कागद असतात: एखादी सनद, पेन्शनचा दाखला, कर्जरोखा, कुणा आत्याच्या लग्नाच्या याद्या. वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत जातात. लग्नाची यादी तर कुणी जपतच नाही, आणि नेमकं तीतच मुलीचं माहेर, सासर, दोन्ही गावं, दोन्ही आडनावं एका कागदावर असतात.

म्हणून इथे जमलेल्या मराठी घरांना माझी विनंती आहे. एक साधी वही करा. घरातल्या प्रत्येक आजी-पणजीचं माहेरचं आडनाव आणि गाव तीत आधी लिहा, पुरुषांची नंतर लिहा. ती कुठे ना कुठे सापडतातच. कुलदैवत लिहा, पूर्वज रेल्वेत आला की कारखान्यात की अमलात हे लिहा. पुढच्या वेळी प्रयागला जाल तेव्हा वहीतल्या पानाचा फोटो घेऊन या. मोडी कागद असतील तर टाकू नका, त्यांच्या प्रती काढून एक प्रत इथल्या वाचनालयाला द्या. दमोह, कटनी, सिहोरा, सागर इथल्या नातेवाइकांनाही हे कळवा. पंड्यांच्या घरातली पुढची पिढी दुसऱ्या धंद्यात जाते आहे, आणि वह्यांना वाळवी लागायला एक पावसाळा पुरतो.